काच खाली, जाळी वर

छोटे,

परवा तुझा फोन ठेवला आणि मला रात्रभर झोप लागली नाही. तू सहज बोलून गेलीस, की भंडारदऱ्याला गाडीतच झोपलो, डास फार होते म्हणून सगळ्या काचा लावल्या, पायाशी कॉइल पेटवून ठेवली, आणि पहाटे चिऊ डोकं दुखतंय म्हणून रडत उठली. तिला उलटीही झाली. रात्रीचं खाणं बाधलं असेल, असं तू म्हणालीस. असेलही. पण मी तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आहे, तुला कडेवर घेऊन वाढवलंय, आणि चिऊच्या जागी मला तूच दिसत राहिलीस. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. रागावलेले नाही गं. शांतपणे वाच आणि जावईबापूंनाही वाचून दाखव.

कॉइलचं आधी बोलू. २००३ साली एका अभ्यासात कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण मोजले होते. एक कॉइल पूर्ण जळेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके कण हवेत सोडते, असं त्यात निघालं. खोलीत तो धूर पांगायला जागा असते. तुमच्या ओम्नीत तो कुठे पांगणार? माणसं तीन आणि गाडीतली हवा एवढीशी. शिवाय धुमसणाऱ्या प्रत्येक वस्तूतून थोडा तरी कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सुरुवातीला काय होतं, सांगू? डोकं दुखतं, मळमळतं, उलटी होते. चिऊला नेमकं हेच झालं. तिला ते कॉइलनेच झालं, असं मी ठामपणे म्हणत नाही. पण पुन्हा बंद गाडीत कॉइल नको, उदबत्ती नको, थंडीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको. आणि इंजिन चालू ठेवून एसीच्या गार हवेत झोपायचं, हा विचारही मनात आणू नका. ओम्नीचं इंजिन तर पुढच्या सीटखालीच असतं.

मला तुमच्याकडून एकच वचन हवंय. गाडीत झोपाल त्या प्रत्येक रात्री समोरासमोरच्या दोन काचा उतरवलेल्या असल्या पाहिजेत. पावसात, थंडीत, कधीही. काच उतरली की डास आत येणार, म्हणून मध्ये जाळी हवी, आणि ती जाळी आपल्याला घरी करता येते. बाजारात गाडीच्या मापाच्या तयार जाळ्या मिळतात, पण जुन्या गाडीला त्या नीट बसत नाहीत आणि पैसेही बरेच जातात. मी केलेल्या पूर्ण संचाला पाचशेच्या आत खर्च आला होता, त्यातही निम्मं सामान घरातलं.

माझ्या हातून हे काम पहिल्यांदा झालं ते दाजींच्या पिकअपसाठी. तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हा, म्हणून तुला आठवणार नाही. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची, कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ. आवक वाढली की गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागते. सकाळच्या लिलावात नंबर लागावा म्हणून माणसं आदल्या रात्रीच जाऊन उभी राहतात. कुणी ट्रॉलीखाली अंथरतं, कुणी केबिनमध्ये पाय दुमडून पडतं. काच लावली की घामाच्या धारा, काच उतरवली की डास. दाजी म्हणायचे, एक रात्र तर आहे. त्या हंगामात अशा तीन रात्री झाल्या, आणि पुढे दहा-बारा दिवसांत त्यांना हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. द्राक्षछाटणीच्या ऐन धांदलीत माणूस अंथरुणाला खिळला.

ते बरे होत होते तेव्हा मी माळ्यावरची आईची जुनी मच्छरदाणी काढली. तीच, जिचे चारी कोपरे दादा सुतळीने खुंट्यांना बांधायचे आणि आपण दोघी आत शिरलो की कडा गादीखाली खोचायचे. एका कोपऱ्यात ती फाटली होती, बाकी धड होती. तिच्यातून पिकअपच्या दोन्ही दारांना दोन खोळी शिवल्या. पुढच्या खेपेला दाजी काच पूर्ण उतरवून झोपले. रांगेतल्या दोघातिघांनी विचारलं, तर त्यांनाही शिवून दिल्या. त्यातली एक अजून वापरात आहे.

खिडकीच्या जाळीने रोग टळतो, हे जगाने एकदा नीट ताडून पाहिलेलं आहे, ते तुला सांगायलाच हवं. मी दरवर्षी आठवीच्या वर्गात ही गोष्ट सांगते. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. तरी पुष्कळांचा विश्वास बसेना. मलेरिया दलदलीच्या वाईट हवेने होतो, असंच ते म्हणत. मग १९०० सालच्या उन्हाळ्यात साम्बोन आणि लो नावाचे दोन डॉक्टर इटलीत रोमजवळच्या दलदलीत जाऊन राहिले. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते. या दोघांनी लाकडी झोपडी बांधली, दारं-खिडक्यांना तारेची जाळी ठोकली आणि एकच नियम पाळला: सूर्य मावळायच्या आत घरात आणि उजाडल्यावर बाहेर. खिडक्या उघड्याच होत्या, दलदलीची तीच हवा रात्रभर आत येत होती. त्यांनी औषधही घेतलं नाही. तीन महिने राहूनही कुणाला मलेरिया झाला नाही. हवा आत आली, डास बाहेर राहिला. आपल्यालाही तेवढंच करायचंय.

आता जाळी कोणती घ्यायची ते बघ. पट्टी ठेवून एका इंचात भोकं मोज. सोळा ते अठरा भोकं भरली तर डासाला पुरे. दर भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं होतं. आपल्या भागात घरोघरी कसली ना कसली जाळी पडलेली असते, म्हणून मुद्दाम सांगते. कांद्याच्या गोणीची जाळी चालत नाही, तिच्यातून माशीसुद्धा जाते. द्राक्षबागेवर पाखरांसाठी टाकतात ती तर फारच मोठ्या भोकांची. शेडनेटची वीण एकसारखी नसते, आणि हवाही नीट खेळत नाही.

पण टोमॅटोच्या रोपवाटिकेला पांढरी माशी अडवायला लावतात ती चाळीस मेशची इन्सेक्ट नेट मात्र एका कामासाठी थोडी घेऊन ठेव. पिंपळगावला शेडनेटवाल्यांकडे ती मीटरवर मिळते. डासापेक्षा बारीक असं बरंच काही रात्री उडतं. गोठ्याजवळची चिलटं असतात, आणि पावसाळ्यात वालुमाशी. वालुमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून सहज आत येते. मातीच्या भिंतींच्या भेगांत, शेणामातीच्या ओलाव्यात ती वाढते. चंडिपुरा विषाणूचं नाव तू बातम्यांत ऐकलं असशील. तो आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या चंडिपुरा गावात १९६५ साली सापडला म्हणून त्याला गावाचं नाव मिळालं. तो या वालुमाशीतून पसरतो आणि पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना गाठतो. २००३ साली आंध्रात आणि आपल्या महाराष्ट्रातही त्याची साथ आली होती, आणि कितीतरी मुलं दगावली. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये विदर्भाकडे, गुजरातेकडे गेलात आणि जुन्या मातीच्या घरांजवळ, गोठ्याजवळ गाडी लावायची वेळ आली, तर उघड्या ठेवाल त्या सगळ्या खिडक्यांना ही बारीक जाळी लाव. हिच्यातून वारा कमी येतो, म्हणून एरवी ती नको. बाकी ठिकाणी साधी.

साधी म्हणजे पॉलिएस्टरची, कापडासारखी मऊ. घराच्या खिडकीला लावतात ती फायबरग्लासची जाळी चांगली असते, पण ती चौकटीत ताणून बसवायची वस्तू आहे. तुम्ही रोज सकाळी घडी घालणार. फायबरग्लास घडीवर मोडते, आणि कापताना तिची कुसं हाताला टोचतात. रंग काळा घे. पांढऱ्या जाळीवर उजेड पडला की बाहेरचं काही दिसत नाही. काळ्यातून सगळं दिसतं, आणि तुम्ही गाडी घेतलीत तीच मुळी पक्षी बघायला.

आता प्रत्येक खिडकीचं वेगळं.

पुढच्या दोन दारांना खोळ कर. उशीचा अभ्रा असतो ना, तशी. तीन बाजू शिवलेल्या, खालची उघडी. दार उघडायचं, खोळ वरून दाराच्या काचेच्या चौकटीवर घालायची, खाली ओढायची आणि दार लावायचं. जाळी दाराच्या रबरात दाबून बसते. आतून काच खाली घे, झालं. खालच्या काठाला नेफा शिव आणि त्यातून परकराची नाडी किंवा इलॅस्टिक घाल, म्हणजे खोळ वर सरकत नाही. बाहेरचा आरसा दारावरच असतो, तिथे खालच्या कडेपासून चीर दे आणि चिरेच्या दोन्ही काठांना वेल्क्रोचा तुकडा लाव. खोळ आरशाभोवती बसवून ती चीर बंद करायची. माप थोडं सैल धर. फार तंग खोळ दार आपटताना कोपऱ्यात फाटते.

मधल्या सरकत्या दाराच्या खिडक्यांना खोळ चालत नाही, तिथे आतून पडदा लावायचा. सरकत्या काचेचं एक ध्यानात ठेव: काच अर्धीच उघडली की दोन काचांच्या मध्ये उभी फट राहते आणि डासाला ती बरोबर सापडते. म्हणून उघडलेल्या भागापुरती जाळी करू नकोस, पूर्ण खिडकी झाक. बेतायला वर्तमानपत्र घे, आतून खिडकीवर चिकटव आणि अंगठ्याने कडेकडेने दाबत जा. रबराची कड कागदावर उमटते. तिच्या बाहेर चार बोटं सोडून काप. आणि कागदावर लगेच लिही: वर, खाली, आतली बाजू, डावी की उजवी. डावी आणि उजवी खिडकी एकमेकींची आरशातली रूपं असतात. कागद उलटला की काम वाया.

हा पडदा गाडीला चिकटवायचा चुंबकाने. आधी घरातला एखादा चुंबक घेऊन खिडकीभोवती फिरव. पत्रा असेल तिथे धरेल, प्लास्टिकचं आवरण असेल तिथे नाही. तुमच्या गाडीत आतला पत्रा बराचसा उघडा आहे, फोटोत पाहिलं मी. चुंबक विकत घ्यायची गरज नाही. जुन्या फ्रिजच्या दाराला जे रबर असतं, त्याच्या पोटात लवचीक चुंबकाची लांबच लांब पट्टी असते. भंगारवाल्याकडे असं रबर पडलेलं असतं. ब्लेडने रबर उभं चिरलं की काळपट पट्टी सुटी होते. साबणाच्या पाण्यात धुवायची, वाळवायची आणि पडद्याच्या चारी कडांच्या नेफ्यात सरकवायची. तिची एक बाजू बहुधा जास्त ओढते. पत्र्यावर ठेवून बघ आणि ती बाजू पत्र्याकडे येईल अशी घाल. कोपऱ्यात पट्टी वाकवू नकोस, तुकडे कर.

दुकानातले ते चकचकीत छोटे गोल मॅग्नेट फार जोरात धरतात, म्हणून जावईबापूंना मोह होईल. नको. चिऊ चार वर्षांची आहे. असे दोन मॅग्नेट पोटात गेले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतडं फाटतं. जिथे लहान मूल झोपतं तिथे ते आणूच नयेत. फ्रिजची पट्टी त्यामानाने दुबळी आहे, पण चारी बाजूंनी सलग लागते म्हणून जाळीचं हलकं वजन पेलते. वाऱ्याने एखादा कोपरा सुटायला लागला तर तिथे आतून पडद्याचा चिमटा लाव.

जिथे पत्रा नाही तिथे वेल्क्रो. त्यात एक खुबी आहे. खरखरीत पट्टी गाडीला आणि मऊ पट्टी जाळीला लाव. उलट केलंस तर घडी घालताना खरखरीत बाजू जाळीतच अडकते आणि महिन्याभरात धागे निघतात. मागचा चिकट गोंद आपल्या एप्रिलच्या उन्हात सुटतो, म्हणून जाळीकडची पट्टी शिवूनच टाक. गाडीकडची लावायच्या आधी ती जागा स्पिरिटने पुसून कोरडी कर आणि एक रात्र तिला हात लावू नकोस.

मागच्या दाराला, डिकीला, दोन पदरी पडदा. गरमीत ते दार वर उचलून ठेवता, तेव्हा तीच सगळ्यात मोठी खिडकी होते. दोन उभे पदर कर, मध्ये वीतभर एकमेकांवर येतील असे. वर वेल्क्रो, बाजूंना चुंबकाची पट्टी, आणि खालच्या नेफ्यात वजन. मी वाळू घालून पाहिली होती. ती ओली होते आणि नेफा कुजतो. त्यापेक्षा लोखंडी वॉशर एकेक टाका घालून बसवलेले बरे. दोन पदर एकमेकांवर आले की चिऊ मधूनच ये-जा करेल आणि पडदा मागे आपोआप मिटेल. तिला चेन उघडायला लावलीस तर ती उघडीच राहणार.

शिवताना जाळी मशीनखाली सरकते आणि टाका गोळा होतो. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून कागदासकट शीव, टाका मोठा ठेव, मग कागद फाडून टाक. काठाला गोट हवाच, नुसती दुमडलेली जाळी उसवते. जुन्या सुती साडीच्या काठाचा गोट सगळ्यात टिकतो. आईच्या त्या हिरव्या इरकलचा काठ मी सांभाळून ठेवलाय. विटलेली साडी कुणी नेसणार नाही, पण तिचा काठ चिऊच्या खिडकीला लागला तर आईला आवडलं असतं.

जाळ्या लागल्या की एक तपासणी कर. ही दाजींची रीत आहे. अंधार पडू दे. गाडीत बॅटरी लावून ठेव, सगळ्या जाळ्या लाव आणि तू बाहेरून गाडीभोवती फीर. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते, तिथून डास आत जाईल. दाराच्या रबराचा फाटका कोपरा, फरशीच्या पत्र्यातलं गळून पडलेलं बूच, मागच्या दिव्याशेजारची फट, असं काय काय निघेल. आम्हाला क्लचच्या पॅडलजवळ बोटभर भोक सापडलं होतं. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा पुरतो.

आणि झोपताना उशी जाळीपासून वीतभर आत. डासांना आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो, ते रात्रभर जाळीला बाहेरून चिकटून बसतात. चिऊचा हात झोपेत जाळीला टेकला तर ते बाहेरूनच सोंड घालून चावतात. संध्याकाळी जाळ्या लावायची वेळ दिवे लागायच्या आधीची. अंधार पडल्यावर लावल्या तर तोवर आत शिरलेले डास तुमच्यासोबत कोंडले जातात.

आमच्या गावात मोटारीच्या खिडकीला जाळी लावून निजणं आता नवलाचं राहिलेलं नाही. २०२१ साली सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून अशा गाड्या रस्त्यावर अधूनमधून दिसतात, आणि २०२७च्या सिंहस्थाला तर कितीतरी कुटुंबं गाडीतच मुक्काम करतील. पण जावईबापूंना सांग, जाळीसाठी गाडीच्या पत्र्याला भोकं पाडायची नाहीत, स्क्रू मारायचे नाहीत. गाडीच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांबद्दल नियम कडक आहेत. आणि गाडी हलवायच्या आधी सगळ्या जाळ्या उतरवायच्या. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली, ती आतलं-बाहेरचं नीट दिसावं म्हणूनच. पुढच्या दारावर जाळी असताना तर आरसाही धड दिसत नाही. जाळी फक्त थांबलेल्या गाडीसाठी.

आता तुम्ही डिसेंबरात येताय, त्याबद्दल. नांदूरमध्यमेश्वर तोवर भरलेलं असेल. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते पाणी २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, आणि लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते उगाच नाही. चक्रवाक, थापट्या, चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, सगळं चिऊला दाखवू. पण रात्री गाडी पाण्याच्या काठाला लावायची नाही. एक तर ते अभयारण्य आहे, तिथले नियम वनखात्याचे. दुसरं, गोदेतून वाहत येणाऱ्या पाणवेली काठाला साचतात आणि त्यांच्या आडोशाला डास मुबलक. पहाटे मी तुम्हाला स्वतः घेऊन जाईन. रात्र आमच्या खळ्यात काढा.

खळ्यात कुठे लावायची तेही ठरवून ठेवलंय. गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या तोंडाला, चिंचेच्या पूर्वेला. बागेच्या कडेला लावू नका, कितीही सुंदर दिसली तरी. ऑक्टोबर छाटणीनंतर बागांवर फवारण्या सारख्या चालू असतात, आणि त्या बऱ्याचदा पहाटे किंवा रात्री करतात, वारा पडलेला असतो म्हणून. जाळी किडा अडवते, औषध नाही. शेजारच्या बागेत ब्लोअरचा आवाज आला तर जाळी तशीच ठेवून काच वर घ्या आणि सरळ आमच्या घरात या. आणखी एक. इथे कुणीतरी हमखास सांगेल, की ताई, जाळी बागेच्या औषधात बुडवून घ्या, एक डास येणार नाही. तसं कधीही करू नकोस. औषध लावलेल्या मच्छरदाण्या कारखान्यात ठरलेल्या मात्रेने तयार होतात. पिकाचं कीटकनाशक चिऊच्या नाकापासून वीतभर अंतरावर रात्रभर टांगायचं नसतं.

थंडीचं म्हणशील तर इथे डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहूनही खाली. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून माणसं बागेत शेकोट्या पेटवतात. इतक्या थंडीत डास फारसे नसतात, आणि तुम्हाला वाटेल, आता काचा लावायला काय हरकत आहे? तिघांच्या श्वासाची वाफ रात्रभर काचेवर जमते, पहाटे तिचं पाणी होऊन गादीवर ठिबकतं. चार बोटं तरी काच उघडी हवीच. त्या चार बोटांतून थंडी येईल, म्हणून मी गोधड्या काढून ठेवल्यात, दोन माझ्या आणि एक सासूबाईंच्या हातची. शेगडी मात्र गाडीत नेऊ देणार नाही, जावईबापू रागावले तरी चालेल.

फ्रिजचं रबर मी कालच आणलंय. निफाडच्या भंगारवाल्याने दोन दिलीत, एकाचेही पैसे घेतले नाहीत. न्हाणीघरात साबणाच्या पाण्यात टाकून ठेवलंय. काळी जाळी सहा मीटर घ्यायला शनिवारी दाजी नाशिकला जातायत. तू रविवारपर्यंत कागद कापून पाठव, डावी-उजवी लिहून. आणि गाडीतली झोपायची फळी खिडकीपासून किती लांब आहे ते मोज. चिऊची उशी कुठल्या बाजूला असते, तेही लिही.

तुझी ताई